दोन अक्षरी उत्तरं

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी लिहिणार. खंड पडू देणार नाही.

आपल्या पेपरात आजपासून एकवीस दिवस स्पर्धा. 'गुप्त सूत्र शब्दकोडे'. गंमत अशी की काही उत्तरांना दोन अर्थ. शोधसूत्र एका अर्थाचं, दुसरा अर्थ लपवलेला. या लपवलेल्या अर्थांचा विषय एकच. तो ओळखून संध्याकाळी सहाच्या आत मोबाइलवरून कळवायचा. एकवीसपैकी पंधरा बरोबर आले की 'शब्दसम्राट' किताब आणि रविवारच्या पुरवणीत फोटो.

फोटो कालच काढून आणला. हनुवटीवर बोट ठेवून.

कोड्याला शांतता लागते. ती घरात आहे. बाबा आतल्या खोलीत पलंगावर. चौतीस वर्षं हायस्कूलात मराठी शिकवलं, शुद्धलेखनापायी पोरांना (मलाही) फोडून काढलं. जानेवारीत झटका आला, उजवी बाजू गेली. आता दिवसाकाठी चार-दोन शब्द, तेही सुटे. डॉक्टर म्हणाले, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर एकेक निघतात. त्यांना बोलतं ठेवा आणि दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. कूस बदलायला दिवसभराची मावशी आहे. बोलतं ठेवायला मी आहे. बाबांसाठीच मी नोकरी सोडली. ताईच्या मते नोकरीने मला सोडलं. दूरच्या गावी बसून थोरल्या बहिणीला बोलायला काय जातं!

दुपारी १.००. पंचविसातले अकरा शब्द सुटले. सुरुवात म्हणून झकास.

४ मार्च, मंगळवार

कालचं सूत्र होतं 'पक्षी'. मी 'प्रवास' पाठवलं होतं. पक्षी प्रवासच करतात. पण परीक्षक म्हटला की डोक्याने ठोकळाच असायचा.

११.००. चमत्कार! आडवा नऊ अडला होता. 'मोत्याचं तेज', दोन अक्षरं. बाबांच्या उशाशी बसून सहज मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, पाणी.

मोत्याचं पाणी! बरोब्बर दोन अक्षरं. मी घाईघाईने लिहिलं. ते पुन्हा म्हणाले, पाणी. मी म्हटलं, लिहिलं बाबा. तिसऱ्यांदा म्हणाले. शिक्षकी पेशा, तीनदा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. डोळ्यांत केवढी उत्कटता! जुना मास्तर जागा झाला.

तेवढ्यात मावशी येऊन त्यांना चमच्याचमच्याने पाणी पाजत बसली. ऐन रंगात. अर्धा पेला संपेपर्यंत पाजलं. मग आमचं कोडं कुठलं पुढे सरकायला!

आजची उत्तरं: पाणी, रस, काढा. 'काढा'चं शोधसूत्र होतं 'बाहेर ओढा'. मोती आला, बाहेर ओढणं आलं. सूत्र पाठवलं: 'दागिन्यांची चोरी'.

५ मार्च, बुधवार

कालचं उत्तर 'पिण्याचे पदार्थ'. बाळबोध! एवढं सोपं असेल असं विद्वान माणसाच्या मनातही येत नाही. विद्वत्ता आडवी येते ती अशी.

संकल्प: रोज सकाळी बाबांच्या उशाशी बसून कोडं. त्यांना उपचार, मला जोडीदार. याला मी 'शब्दोपचार' असं नाव दिलं आहे. स्पर्धा आटोपली की यावर लेख.

६ मार्च, गुरुवार

मावशीचा त्रास वाढला. शोधसूत्र वाचायला तोंड उघडावं की ही आलीच, दादा जरा सरका, आजोबांना वळवायचंय. दोन तास झाले की घड्याळातल्या पक्ष्यासारखी हजर. वळवलं की बाबांचं तोंड भिंतीकडे. मी काय भिंतीला शोधसूत्रं विचारू?

वर तिने स्वयंपाकघराच्या दाराला कूस बदलण्याचा तक्ता चिकटवला आहे. वेळ, डावी, उजवी, बरोबरच्या खुणा. चौकोन मात्र सुरेख आखले आहेत.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.३०

मावशीला आजपासून येऊ नको म्हणून सांगितलं. घरात धडधाकट मुलगा असताना परक्या बाईने बाबांची सेवा का करावी? जाताना म्हणाली की दादा, पाठ लाल झालीय, लक्ष ठेवा. मी म्हटलं, माझे वडील आहेत ते.

तिचा तक्ता काढला. मागची बाजू कोरी, पुढचे चौकोन कच्च्या कामाला. काही वाया घालवायचं नाही हा माझा स्वभाव.

१२.१५. उभा तीन, 'धडा', दोन अक्षरं. बाबा क्षणात म्हणाले, पाठ. आनंदाने मी त्यांची पाठ थोपटली, जरा जोरातच. ते ओरडले. इतका मोठा आवाज जानेवारीपासून पहिल्यांदा निघाला! शब्दोपचाराचा गुण, दुसरं काय!

उत्तरं: पाठ, मान ('आदर'), कर ('सरकारला द्यावा लागतो'). सूत्र: 'आदर्श नागरिक'. आज शंकाच नाही.

८ मार्च, शनिवार

'शरीराचे अवयव'. पाठ, मान, कर म्हणजे हात. हे म्हणे गुप्त. असले अवयव प्रत्येकाला असतात, त्यात सूत्र कसलं?

बाबा आज शोधसूत्र वाचायच्या आधीच पाठ, पाठ म्हणत होते. म्हटलं बाबा, तो कालचा शब्द. आज 'नदीचा किनारा' आहे. तरी पाठच. उजळणी करण्याची जुनी खोड.

संध्याकाळी ताईचा फोन. बाबा कसे आहेत विचारलं. सांगितलं, उत्तम, रोज शब्दकोडी सोडवतात. ती म्हणाली, खरंच? मग म्हणाली, तुझ्याबद्दल उगाच वाईट बोलले रे मी. मोठ्या मनाने माफ केलं. मावशीचा विषय काढला नाही. फोनवर कशाला लांबण लावा.

१० मार्च, सोमवार

कूस मी स्वतः बदलतो. दिवसातून दोनदा: आडवे शब्द संपले की एकदा, उभे संपले की एकदा. पद्धतशीर. काल उभे संपले नाहीत.

'आईचं उदर', दोन अक्षरं. बाबा: कूस. वा! पुन्हा म्हणाले, कूस, कूस, आणि डावा हात पलंगावर आपटला. पूर्वी वर्गात टेबलावर आपटत तसा. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

उत्तरं: कूस, गादी ('राजाचं आसन'), घडी ('क्षण'). आईचं उदर, राजाचं आसन, मंगल क्षण. सूत्र: 'राजपुत्राचा जन्म'. स्वतःवरच खूश आहे. आज दुपारी झोपलो नाही, आनंदाने.

११ मार्च, मंगळवार

'अंथरूण'.

या पेपराला पत्र लिहायला हवं. लिहिणारच आहे.

१२ मार्च, बुधवार. ९.५०

हृद्य प्रसंग. 'नात्यातला जिव्हाळा', तीन अक्षरं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आले आणि म्हणाले, ओलं.

ओलं. मी क्षणभर विचार केला आणि उजेड पडला: ओलावा! दोन अक्षरं त्यांनी दिली, तिसरं मी. बापलेकाने मिळून एक शब्द पुरा केला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वेळ त्यांच्याजवळ तसाच बसून राहिलो. ते ओलं, ओलं म्हणत होते, मी ओलावा, ओलावा म्हणत होतो.

चादर दुपारी बदलली. आधी कोडं पाठवायचं होतं.

१३ मार्च, गुरुवार

कोड्यांची कात्रणं कापून फाइल करायला घेतली आहे. बाबांनी दिलेले शब्द लाल शाईने, शेजारी तारीख. पुढेमागे संशोधकांना उपयोग होईल. अकरा दिवसांत एकही सूत्र जुळलेलं नाही, पण सूत्र हा भाग गौण आहे. मूळ शब्द महत्त्वाचे.

आतल्या खोलीत कसला तरी वास येतो. कपाटामागे उंदीर मेला असावा. कपाट ओढून पाहिलं. नाही. रूम फ्रेशनर आणला, मोगरा.

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस बाबांचा. 'यंत्र सुरू करण्याचं बटण', दोन अक्षरं. मी 'खटका' म्हणून अडून बसलो होतो, तीन अक्षरं दोन चौकोनांत कोंबत दीड तास. बाबा दातांवर दात ठेवून म्हणाले, कळ. बटण म्हणजे कळ! आपण शुद्ध मराठी विसरत चाललो. ते विसरले नाहीत. दिवसभर म्हणत होते.

उत्तरं: कळ, ताप ('उष्णता'), गाठ ('भेट'). बटण, उष्णता, आणि गाठभेट म्हणजे मीटिंग. सूत्र: 'कारखाना'. डोळे मिटून पाठवलं.

१६ मार्च, रविवार

'दुखणी'. काय संबंध?

बाबा आज काही बोलले नाहीत. बारा शोधसूत्रं वाचली, हूं नाही की चूं नाही. अंग गरम लागतं. हवामानच तसं आहे.

१७ मार्च, सोमवार

पूर्ण असहकार. 'देवाला वाहतात', दोन अक्षरं, इतकं सोपं वाचलं, तर नजर छताला. वाईट वाटलं. माणसाने एवढं करायचं आणि घरच्यांनीच ऐन मोक्याला हात वर करायचे. बोलून टाकलं, बाबा, तुमच्यामुळे माझा फोटो हुकणार आहे. राग आला होता, लपवत नाही. मग जेवलो.

संकल्प: उद्यापासून बाबांच्या मदतीवर विसंबायचं नाही.

१८ मार्च, मंगळवार

ताई न कळवता आली. बाबांचं कोडं सोडवणं बघायचं म्हणून, हातात नवी पेन्सिल घेऊन. आतल्या खोलीच्या दारात थबकली. मावशी कुठे आहे म्हणाली. मग बाबांना कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला.

मी तिकडे पाहिलं नाही. मला असलं बघवत नाही, स्वभाव हळवा आहे.

ताई किंचाळली नाही. हळूच म्हणाली, अरे हाड दिसतंय. मग ॲम्ब्युलन्स, शेजारी, जिन्यात गर्दी. आजचं कोडं राहिलं. सोळा दिवसांत पहिला खाडा.

१९ मार्च, बुधवार. हॉस्पिटल

डॉक्टरांनी विचारलं, दुखतं अशी तक्रार त्यांनी कधीपासून केली? मी म्हटलं, तक्रार एकदाही नाही. उलट रोज आमच्या गप्पा व्हायच्या. पुरावा म्हणून फाइल पुढे केली. बरं झालं सोबत आणली होती.

ताईने ती माझ्या हातून घेतली आणि लाल शाईतलं तेवढंच मोठ्याने वाचायला लागली. चार तारीख, पाणी. सात, पाठ. आठ, पाठ. दहा, कूस. बारा, ओलं. पंधरा, कळ. डॉक्टर केसपेपरवर तारखांसकट उतरवून घेत होते.

मी म्हटलं, ताई, असं अर्धवट वाचून त्यांना काय कळणार? शोधसूत्रं वाच ना. तिने फाइल मिटली. म्हणाली, तुला सांगत होते रे ते, रोज सांगत होते. मी म्हटलं, तेच तर म्हणतोय मी! ती उठून बाहेर गेली. घरातल्या बायकांना चर्चा झेपत नाही.

जखमेचं विष रक्तात गेलं आहे म्हणतात. ऑपरेशन उद्या.

२१ मार्च, शुक्रवार

ऑपरेशन झालं. मला आत सोडत नाहीत. म्हणजे ताई सोडत नाही. बाकड्यावर बसून दोन कोडी सोडवली. सोडवली म्हणजे पाहिली.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११.००

स्पर्धेचा शेवटचा दिवस. एकवीसपैकी जुळलेली सूत्रं: शून्य. आजचं धरलं तर एक होऊ शकतं.

ताई अंघोळीला घरी गेली, तेवढ्यात वॉर्डात शिरलो. नर्स म्हणाली, पाचच मिनिटं. म्हणाली, आजोबा आता सगळ्यांना ओळखतात, काल ताईंना नावाने हाक मारली, सकाळी तुमची ती मावशी येऊन गेली तर तिचा हात सोडेनात. ऐकून बरं वाटलं. आपल्या माणसाची ओढ वेगळीच असते, मी दिसलो की खुलतील म्हटलं. पलंगाशी स्टूल ओढलं, पेपर उघडला, गप्पांना सुरुवात म्हणून आडवा एक वाचला: 'दोन रेषा मिळतात तिथे होतो', दोन अक्षरं.

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी स्पष्ट म्हणाले, कोण.

उत्तर बरोबर, पण ण चुकला! बावन्न वर्षांत त्यांच्या मराठीत मला सापडलेली पहिली चूक. मी हळुवारपणेच सांगितलं, बाबा, कोन. नळातला न, बाणातला ण नव्हे. त्यांनी नजर नर्सकडे वळवली, डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं आणि पुन्हा तेच: कोण. नर्स बिचारी, तिला कोड्यातलं काय कळणार? तिला वाटलं माझी ओळख हवी आहे. म्हणाली, आजोबा, असं काय, हे तुमचे चिरंजीव ना!

बाबांनी नाही अशी मान हलवली. दोनदा.

जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, शुद्धलेखनाची चूक थोडीच कबूल करणार. मी वाद घातला नाही. नळातला न लिहिला आणि नर्सला विचारलं, आडवा चार येतो का बघा.