पखवाजाच्या शेडचं माप

अंबत्तूर, चेन्नई
४ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या कारखान्यातल्या मराठी माणसांच्या भजनी मंडळाची खोली सुटली. पखवाज, पेटी, टाळ आता माझ्याकडे राहणार. पांडुरंगानेच हे काम दिलं असं मानतो. परसात पत्र्याची शेड बांधायची आहे. मी दहा बाय आठ म्हणतो. देवाचं सामान अडचणीत कशाला? पण त्यात सौ. कमलिनीचा मोगरा जातो, म्हणून ती दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलते आहे. चि. तनया इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सिव्हिलला आहे. माप मीच काढणार म्हणून हटून बसली आहे. पोरीने अजून एक भिंत उभी केलेली नाही. तुझं मत कळव. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
काशिनाथ

लेंगरे
१७ ऑगस्ट २०२४

चि. काशिनाथ यास अनेक आशीर्वाद.

दहा बाय आठमध्ये पखवाज ठेवणार की म्हैस बांधणार? मी तुला ओळखते. जागा दिसली की मोडका कूलर आत जाईल, मग टाळ सापडायचे नाहीत. मोगऱ्याला हात लावू नकोस. आणि पोरीने भिंत कधी उभी करायची, तू करू दिल्याशिवाय? आपल्या घरात मापं शिकलेली ती पहिलीच. तिच्या पाठीवरून माझा हात फिरव. सौ. कमलिनीस आशीर्वाद.

तुझी आक्का

अंबत्तूर
९ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. तनयाने सामान परसात मांडलं, भोवती रांगोळीची रेघ ओढली आणि मला आत उभं करून पखवाज उचलायला लावला. वाकताना माझ्या पायाने रेघ पुसली, की ती फूटभर मागे घ्यायची. असं करत सहा बाय पाच ठरलं. मोगरा वाचला.

मग तिने शेजारच्या शेषाद्रीरावांना आणलं. मूळचे तंजावरचे, आपल्यासारखेच मराठी. २०१५च्या पुरात पाणी कुठवर आलं ते त्यांनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. कमरेइतकं! तनया म्हणाली की चौथरा साडेतीन फूट हवा, उंचीही मापातच धरायची. शेड बांधतेस की देऊळ, असं मी तिला चिडवलं. कामाला बोलावलेला रंगा गवंडीही हसला. हो म्हणालो, पण मनातून पटलं नव्हतं. तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझा,
काशिनाथ

अंबत्तूर
१६ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. गेल्या आठवड्याच्या पावसात परसात मांडीइतकं पाणी होतं. घरातल्या गाद्या, तांदूळ सगळं भिजलं. दोन दिवस मला एकच घोर, मंडळाला तोंड कसं दाखवू? पाणी ओसरल्यावर नामस्मरण करतच शेडचं दार उघडलं. पखवाजाची कातड्याची पुडी कोरडी होती.

काल भजनाला सगळे जमले. हे माप कुणाचं, असं मंडळाच्या बुवांनी विचारलं. आम्ही दोघांनी मिळून काढलं, असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि माझ्या मुलीचं म्हणून सांगितलं. पहिला अभंग मीच धरायचा होता, पण आधी तनयाला पुढे बोलावून पखवाजाशेजारी बसवलं. मग अभंग धरला.

तुझा,
काशिनाथ