येते हं

१५ नोव्हेंबर १९९९
आलो बाई एकदाचे माधवनगरला! दोन ऐसपैस खोल्या, दारात नळ, आणि सांगलीचं माझं कॉलेज बसने जवळ. घरमालकीण हरणाबाई जतकडच्या. श्रद्धाला बघताच कडेवर घेऊन म्हणाल्या, लय ग्वाड पोर हाय. खोल्या इतके दिवस रिकाम्या कशा, असं विचारलं तर चुलीवर भाकरी करपती म्हणून पळाल्या.

सुमंत मस्कतला गेल्यापासून पोरीला बाप फक्त फोनवर. म्हणून हौसेने कॉम्प्युटर घेतला. माइकवर बोलायचं आणि आवाज ई-मेलने पाठवायचा. पहिला निरोप आजच धाडला. शेवटी श्रद्धा शहाण्यासारखी म्हणाली, 'येते हं बाबा.' निघताना जाते म्हणायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला.

१७ नोव्हेंबर
सुमंतचं उत्तर आलं. आवाज फाटतोय, शब्द कळत नाहीत, आणि मागे कोण बाई बोलतेय? मी ऐकलं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय. बाई कसली, नुसती खरखर! दुकानदार दादासोंना फोन केला. म्हणाले, माइकचा आवाज फार वाढवलाय, कमी करा, आणि स्पीकरपासून लांब धरा. जुनं साउंड कार्ड नवं म्हणून गळ्यात मारलंय मेल्यांनी, दुसरं काय!

२० नोव्हेंबर
सांगितलं तसं केलं. खरखर निम्मी झाली. आणि खरंच, श्रद्धाच्या 'येते हं'नंतर कुणीतरी म्हणतं, 'ये.'

हरणाबाईच! भिंतीला कान लावून बसत असणार. पोरीची टिंगल करायला भाडं देते होय मी? उद्या त्या बाजाराला जातील, तेव्हा बघते.

२१ नोव्हेंबर
हरणाबाई बाजारात. कडी लावली, भर दुपारी रेकॉर्ड केलं. आता खरखर फारच थोडी. 'ये' मात्र आहेच.
'ये गं बाळा.'
माइक काढून ठेवलाय.

२३ नोव्हेंबर
दादासो स्वतः आले. माइक बदलला, वायर बदलली. कार्डात काही दोष नाही म्हणाले. त्यांचं 'हॅलो, हॅलो' स्वच्छ उमटलं. मग श्रद्धा मध्येच 'येते हं' म्हणाली. त्यांनी ते परत लावून ऐकलं आणि चहा न घेताच गेले.

मी तडक हरणाबाईंना गाठलं. त्या रडायलाच लागल्या. आधीची भाडेकरीण अंजना. तिची पोर तापाने गेली, मग तीही इथेच गेली, पोरीला हाका मारत. म्हणाल्या, मयताच्या घरनं निघताना येते म्हणत्यात व्हय, बाई? हे मलाही ठाऊक आहे हो! पण घर मयताचं आहे हे सांगायला काय झालं होतं? संताप संताप झाला. उद्याच वाईला, माहेरी.

२४ नोव्हेंबर
सामान टेम्पोत चढलं. श्रद्धाला दहादा बजावलं, दारातून निघताना एक शब्द बोलायचा नाही. पण पोरच ती. मागे वळली, हात हलवला आणि —
मी तोंड दाबलं तिचं. उशीर झाला होता.

२५, वाई
श्रद्धा कालपासून बोललेली नाही. जेवते, झोपते, माझ्याकडे बघते. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे. मग?

२६
सुमंतला कळवायला माइक जोडला. मीच बोलले. श्रद्धा शेजारी, ओठ मिटून. परत लावून ऐकलं तर माझ्यामागे तिचा आवाज. खरखर अजिबात नाही.
'आई, मी इथंच राहिले. ये ना.'

संध्याकाळ
माधवनगरला निघतेय. माझी पोर तिथे आहे. ही — हिला आईकडे ठेवतेय. चपला घालताना सवयीने तोंडून गेलं, येते हं. आणि ही बोलली. पहिल्यांदाच. तोच पत्र्याच्या डब्यातला, 'ये' म्हणणारा बाईचा आवाज —
'येते न्हाई, बाई. जाते म्हणा.'