कॉइलचा अडीच सेंटिमीटर तुकडा

मी, ओमान सुतार्या, वय एकाहत्तर, निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, राहणार सुमेडांगजवळच्या कालव्याकाठच्या वस्तीत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, डॉक्टरांनी नोव्हेंबरातल्या पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून कोणी हे लिहूनही घेतलेलं नाही. नुसत्या घरदारासाठी मी एवढी शाई खर्च केली नसती. विविन या माझ्या विद्यार्थिनीवर मी सतरा वर्षांपूर्वी खोटा आळ घातला, तो उतरवण्यासाठी हे मृत्युपत्र आहे. ते कलम चारमध्ये येईल. थेट तिथे हात घालायचा धीर होत नाही, म्हणून आधी सोपी कलमं.

कलम एक. घर. आमच्या धर्माच्या कायद्याने माझी मर्जी मालमत्तेच्या एक तृतीयांशावरच चालते. (विमानाचा तोलही पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांशावरच साधतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची, इमामसाहेबांना मात्र कधी आवडलं नाही.) तो माझा हिस्सा पत्नी ओनाह हिला, तिच्या वाट्याशिवाय वरून. बाकी पुतण्या यायातचं. यायात, अंगणात मोटारसायकली धुवायचं दुकान टाकायचं तुझ्या मनात आहे, मला ठाऊक आहे. टाक. फक्त काकू आहे तोवर पहाटे पंप लावू नकोस, तिची झोप फार सावध आहे.

कलम दोन. माझा नाजूक तराजू गणिताचे शिक्षक कुस्नादी यांना. मी मुलांकडून लाकडाची छोटी विमानं करवून उडवायचो, म्हणून वीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत हा माणूस मला, आदराचा 'पा' लावून, विचारत आला, "काय पा ओमान, आज किती चिमण्या उडवल्या?" वर सगळ्यांचं खी खी. कुस्नादी, विमानाच्या शेपटीला एक ग्रॅम जास्त झाला की काय होतं ते आता करून बघा. रिकामपण भरपूर आहे तुम्हाला.

कलम तीन. सुऱ्या, पट्ट्या, पंखांचे साचे आणि विमानांचे एक्केचाळीस नकाशे. यांची व्यवस्था सांगण्याआधी मी काय शिकवलं तेही लिहितो, कारण तेवढंच माझ्या हातून चांगलं झालं. मी फळ्यावर सूत्र आधी कधी लिहिलं नाही. बाल्साचं लाकूड आमच्याकडे पिकतं, हलकं, पापडासारखं. प्रत्येकाने आपलं विमान करायचं आणि फेकायचं. पहिल्या फेकीला ते नाक वर करतं, क्षणभर थांबतं आणि धाडकन पडतं. "का पडलं?" मी विचारायचो. विविनने तेरा वर्षांची असताना उत्तर दिलं होतं, "पा गुरू, चढ चढून दमलं." वर्ग हसला. मी नाही हसलो. वेग संपला की पंखावरची हवा सुटते, हे त्या पोरीने न शिकवता सांगितलं होतं. मग तिने नाकात चिमूटभर माती भरली, पुन्हा फेकलं, आणि ते शाळेच्या पटांगणापलीकडे गेलं. तीस वर्षांत असा हात मला दुसरा मिळाला नाही. आईच्या टोफूच्या कढईपाशी बसून ती पंख घासायची. तिच्या विमानांना तळणीचा वास यायचा.

हे सगळं सामान, जे मूल मागेल त्याला. मात्र पेटीच्या झाकणाला आतून कलम चारची नक्कल चिकटवावी. ती वाचल्याशिवाय सुरीला हात लावू देऊ नये.

कलम चार. आमची विमानं मोकळी उडतात, त्यांना दोरी नाही की यंत्र नाही. गरम हवेचा उसासा सापडला तर विमान वर वर जातं आणि परत येत नाही. म्हणून आम्ही शेपटीला डासांच्या कॉइलचा पेटता तुकडा बांधतो. तो जळत आला की शेपटी दाबून धरणारा दोरा जळून तुटतो, शेपटी उचलली जाते, पंखाची पकड सुटते आणि विमान पडवळासारखं लोंबकळत खाली उतरतं. एक सेंटिमीटर म्हणजे चार मिनिटं. विद्यार्थ्यांना एक सेंटिमीटरच्या वर परवानगी नाही, हा माझाच नियम.

२००२ च्या ऑगस्टात, आमच्याकडच्या ऐन कोरड्या दिवसांत, शिक्षण खात्याचे साहेब बघायला आले होते. विविनने एक सेंटिमीटर तुकडा काढला. मी तिच्या हातून कॉइल घेतली आणि अडीच कापला. ती म्हणाली, "पा गुरू, एवढा? मग तर ते कालव्यापलीकडे जाईल."

मी म्हणालो, "जाऊ दे की! साहेबांना दिसू दे जरा. तू फक्त नजर हटवू नकोस."

तिने नजर हटवली नाही. मान वर करून ती कोरड्या शेतांतून धावत गेली, बांध ओलांडले, आणि कालव्यात पडली. तिला पोहता येत नव्हतं. मी ते पाहिलं नाही, कारण मीही विमानाकडेच बघत होतो. हातात घड्याळ होतं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. ते मी मोठ्याने ओरडून सांगितलं, आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

चौकशीत मी सांगितलं की मुलगी हट्टी होती, मोठा तुकडा तिनेच माझी नजर चुकवून लावला. सगळ्यांनी मान डोलावली. माझी नोकरी राहिली. वस्तीत मात्र तिची आई, बू इचाह, टोफू विकायला बसली की बायका म्हणायच्या, "पोरीला जरा धाकात ठेवलं असतं तर..." ती मान खाली घालून टोफू बांधून द्यायची. मलाही द्यायची. मी घ्यायचो आणि खायचो. मला माझी किळस येते, आणि हे लिहूनही ती कमी होत नाही.

विविन निर्दोष होती. तुकडा मी कापला. माझ्या मृत्यूनंतर सातव्या दिवशी प्रार्थनेला लोक जमतील, तेव्हा हे कलम मोठ्याने वाचावं. बू इचाह यांना मी या कागदात काहीही ठेवलेलं नाही, याचं कारण त्या साक्षीदार व्हाव्यात; ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. बू इचाहना घरी बोलावून वरचं सगळं वाचून दाखवलं. त्या रडल्या नाहीत. पिशवीतून त्यांनी विविनची वही काढली. फेकण्याआधी प्रत्येक उड्डाणाची नोंद करायची, अशी शिस्त मीच लावली होती. शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात होतं: वजन, तोल, वारा, आणि "कॉइल अडीच सें.मी., पा गुरूंनी कापली."

"दफ्तर त्याच दिवशी घरी आलं होतं, पा ओमान," त्या म्हणाल्या. "मला सतरा वर्षं माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"टोफूवालीचं कोण ऐकणार? तुम्ही बोलाल म्हणून थांबले. रोज टोफू देताना वाटायचं, आज बोलतील."

मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"सातव्या दिवशी वाचणार म्हणता. तेव्हा तुम्ही नसणार. तोंड लपवायला बरी जागा शोधलीत! उद्या शुक्रवार आहे, मशिदीत सगळे असतील. चला, उद्याच वाचा. तिथल्या तिथे सही करते मी."

मी म्हणालो, मला दम लागतो, इतका वेळ उभं राहवत नाही. त्यांनी वही पिशवीत घातली आणि त्या गेल्या.

दुसरी पुरवणी. आज शनिवार आहे. शुक्रवारी मी घरीच होतो.

ठिकाण: सुमेडांग. दिनांक: १४ सप्टेंबर २०१९.
सही: ओमान सुतार्या.
साक्षीदार पहिले: हाजी सोबारी, शेजारी (सही).
साक्षीदार दुसऱ्या: बू इचाह (सही नाही).