सहा नंबरची खोली

३ नोव्हेंबर, सोमवार

भेटीला जायची पाळी माझी आली. संस्थेचं काम बघणाऱ्या मतीनभाईंनी दुपारी ऑफिसात कागद हातात दिला. नाव वाचलं — रोहिणी आदिनाथ. पुढं आडनाव माझंच. मुक्काम वडवणी. काहीच वाटलं नाही. घडी घालून कमरेला खोचला.

सहा नंबरच्या छबुबाई लेकीकडं गेल्या त्या कायमच्याच, म्हणून खोली रिकामी. संस्थेची पद्धत अशी, की नवी बाई घ्यायची तर आधी इथल्याच एकीनं तिच्याकडं जाऊन बघायचं. साहेब लोक जात नाहीत, आपणच जायचं. डोक्यावर काय आहे, पाणी कुठून आणते, कोण त्रास देतंय, सगळं लिहून आणायचं. शेवटी एक प्रश्न असतो — ही बाई तुम्हाला शेजारीण म्हणून चालेल का? ‘नाही’ असं लिहिलं तर कारण विचारत नाहीत. खोली यादीतल्या पुढच्या नावाला.

आपल्या नात्यातली असेल तर भेटीला जायचं नाही, हाही नियम. मतीनभाईंनी आडनाव बघून विचारलंच, ताई, वळखीची हाय का? म्हणलं, आमच्या आडनावाचे गावोगाव ढीग पडलेत!

खोटं बोलले. तेही सहज.

४ नोव्हेंबर

लिहून ठेवते, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहील.

सात वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं, आदिनाथनं, जिला घरात आणून बसवलं ती ही रोहिणी. मी तिचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही. ती यायच्या सकाळीच मी निघाले, एका पिशवीवर. आईनं लग्नात दिलेलं शिलाई मशीन तिथंच राहिलं. पायाचं मशीन, पाठीवर कसं नेणार? चार महिने मावशीच्या पडवीत काढले, पोत्यांच्या मागं. मावशीची सून रोज विचारायची, अजून किती दिवस? मग कुणीतरी केजच्या या संस्थेचं सांगितलं. बारा खोल्या, एकट्या बायांसाठी. भाडं जिला जमेल तेवढं, त्यातूनच पत्र्यांची दुरुस्ती होते. एक खोली, एक मोरी, एक कुलूप. ते कुलूप लावून किल्ली पदराला बांधली, त्या दिवशी मी परत माणसात आले.

अर्जावर लिहिलंय, नवरा दीड वर्षापूर्वी सोडून गेला. म्हणजे तिलाही! बरं झालं असं वाटायला पाहिजे होतं. तेवढंही वाटेना.

५ नोव्हेंबर

कामावर, खानावळीत साठ भाकरी थापल्या. बोट भाजलं. उशिरा कळलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जाऊन आले.

वडवणीत जीप सोडली, विचारत विचारत गेले. नबी म्हणून फळवाला आहे, त्याच्या गोदामामागं पत्र्याची खोली. पलीकडं केळी पिकवायला ठेवतात, त्याचा वास सगळ्या अंथरुणाला. दाराला कडी नाही, आतून दगड लावते. पाणी चार घरं सोडून. नबी बिचारा चांगला आहे, दीड वर्ष फुकट राहू दिलं. पण पुढच्या महिन्यात त्याला जागा लागणार. तो मलाच म्हणाला, बाई, लवकर करा काहीतरी.

संस्थेकडून आले, एवढंच मी तिला सांगितलं. तिनं चटई झटकून टाकली. वाळकी आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. रडली नाही, गाऱ्हाणं नाही, त्याच्या नावानं बोटं मोडली नाहीत. तेवढं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. चार वर्षांची पोरगी आहे. येऊन माझ्या मांडीवरच बसली. हाकललं नाही, धरलंही नाही. तिच्या डोक्याला खोबरेल लावलेलं होतं, वेणी नीट होती.

कोपऱ्यात माझं मशीन! चाकावर मी लावलेली लाल पट्टी अजून तशीच. ब्लाउज शिवते त्याच्यावर, त्यावरच दोघी जगतात. विचारलं, मशीन कुणाचं? माझ्याकडं बघून म्हणाली, "घरातल्या बाईचं हाय. मी वापरते."

चहा अर्धा टाकून उठले.

८ नोव्हेंबर

सकाळी कागद भरला. छप्पर, पाणी, दार, जे पाहिलं ते खरं खरं लिहिलं. शेवटच्या प्रश्नापुढं लिहिलं — नाही. अक्षर चांगलं आलं.

मतीनभाईंनी दोनदा वाचलं. म्हणाले, एवढी गरज असून? म्हणलं, कारण विचारत नाहीत ना? त्यांनी कागद फायलीत लावला.

चार नंबरच्या सारजाबाई दारात शेळीला पाला टाकत होत्या. मेंढरं वळण्यात जन्म गेला, पण माणसाचं तोंड बघून सगळं ओळखतात. "वडवणीहून आल्यापासून का गप हाईस ग?" मी खेकसले त्यांच्यावर. उगीचच. तरी संध्याकाळी वाटीभर दूध ठेवून गेल्या.

११ नोव्हेंबर

आज काही नाही. भाकरी. झोप.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सहा नंबर जिनतला दिली. मेकॅनिकची विधवा, दोन लेकी, दिराच्या गॅरेजमध्ये राहत होत्या. आल्या आल्या दोघी पोरींनी आतून कडी लावून बघितली, काढली, परत लावली. जिनत नुसती भिंतीला हात लावत उभी होती.

गरज हिलाही होतीच. खोली काही वाया गेली नाही. सकाळपासून स्वतःला हेच सांगतेय, अन् प्रत्येक वेळी ते खरंच असतं. तरी ताट तसंच झाकून ठेवलं.

१५ नोव्हेंबर

खानावळीच्या मालकानं विचारलं, बबिताबाई, बरं नाही का? म्हणलं, बरं आहे. बरं आहे की नाही हेच कळत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मतीनभाईंनी बोलावलं. रोहिणीचा अर्ज तिला परत पाठवायचा होता, तेव्हा त्यांनी आधीची पानं चाळली. ती मी बघितली नव्हती, भेटीला फक्त शेवटचं पान देतात. एक रकाना आहे — तुमच्या माघारी मूल कोणाकडे द्यावे? त्यापुढं तिच्या हातचं: बबिताताई, खोली नंबर तीन, केज. म्हणजे मीच; माझा पत्ता तिनं कुठून काढला कोण जाणे.

भेटीला कोण येणार तेही मतीनभाईंनी तिला फोनवर आधीच सांगितलं होतं. म्हणजे मी दारात उभी राहिले तेव्हा मी कोण ते तिला ठाऊक होतं.

लाज वाटली. लई वाटली.

आता खोली रिकामी नाही. पण नात्यातल्या माणसाला आपल्या खोलीत ठेवता येतं, तसा अर्ज असतो. तो मागितला. मतीनभाई म्हणाले, नातं लपवून भेटीला गेलतात हे वर कळलं तर तुमचीबी खोली जाईल. म्हणलं, जाऊ द्या. काढा कागद.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "नातं काय लिहू?"

"लिहा, सवत."