यंत्र सुरू होण्याआधीच हललेला मजला

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि त्या रविवारचं खरं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बनशंकरी भागातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि समोर तुम्ही अवरेकाळूच्या, पावट्याच्या शेंगा सोलत होतात. एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर मोठं यंत्र बसवायचं होतं. ते चालू झालं की मजला किती हादरेल, हे मी सॉफ्टवेअरमध्ये तपासत होते. हादरा फारच येत होता, म्हणून तुळया जाड करायला सांगायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. तुम्ही सरकारी खात्यात जन्मभर ही गणितं हातानं करून निवृत्त झालेले. चष्मा वर सरकवून तुम्ही पडद्यावरचा आलेख पाहिलात आणि सावकाश विचारलंत, "यंत्र पाचव्या सेकंदाला सुरू होतंय ना? मग मजला त्याच्या आधीच का नाचतोय?"

मी म्हणाले, मजल्याचं स्वतःचं वजन कायमचंच असतं, म्हणून शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत ते सारखं धरलंय. "सारखं धर, पण आधी हळूहळू चढव," तुम्ही म्हणालात. "तू सगळं वजन एका क्षणात टाकलंस, मग मजला नाचणारच. इमारत अशी बांधतात का गं?" मला राग आला. स्वल्प गप्प बसा, हे तुमच्या काळातलं नाही, असं म्हणून मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तुम्ही नुसतं "सरी, बरं" म्हणालात आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्यात.

सोमवारी महादेवपुऱ्याच्या ऑफिसात, कुणी बघत नसताना, मी तुमचं ऐकलं. वजन सावकाश चढवलं, मग तसंच कायम ठेवलं, आणि मजला स्थिरावल्यावर यंत्र सुरू केलं. हादरा निम्म्याहून कमी. तुळया होत्या त्याच पुरल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हा मलाच शंका आली होती, असं मी सांगितलं. संध्याकाळी तुमचा फोन आला, मजला थांबला का म्हणून. मी म्हणाले, सॉफ्टवेअरमध्येच दोष होता. "बरं झालं सापडला," म्हणालात. त्यानंतर माझ्या कामाबद्दल तुम्ही कधी काही विचारलं नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात विचारायला तुम्हीच राहिला नाहीत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तरी लिहिता येतंय. ऑफिसात नव्यांना आता हे मीच शिकवते. आज एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्हाला हे कुणी सांगितलं? तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, अण्णा. मी म्हणाले, "अनुभवानं कळतं."