परभणीतल्या एका रात्रीच्या मुक्कामाचा खुलासा

मु. वालूर, ज्येष्ठ वद्य तृतीया, फसली १३५०

राजमान्य राजश्री दिनकरराव व्याहीबुवा, मुक्काम परभणी, यांस लिंबाजीचा हात जोडून रामराम. इकडे मी, कमलची आई, म्हैस आणि नवी वासरी सुखरूप. तिकडे विहीणबाई नर्मदाबाईंची, आमच्या कमलची आणि विशेषेकरून आपल्या उजव्या पायाची खुशाली कळवावी. कापडाच्या फेरीवर आलेला भुजंग सांगत होता की चैत्रापासून आपला पाय जोड्यात मावत नाही आणि आपण घरापासून दुकानापर्यंत लंगडत जाता. ऐकून जिवाला फार लागलं. (पायाबद्दल शेवटी लिहितो.)

भुजंगाने आपला निरोपही सांगितला. तो ऐकल्यापासून मी एका जागी बसलेलो नाही. हे पत्र लिहितानाही चारदा उठून वेशीपर्यंत जाऊन आलो. आपण म्हणालात म्हणे, "गावात याह्याचं घर असून जो हॉटेलात उतरतो, त्याची लेक पंचमीला धाडायची का न्हाई ते आमी बघू." व्याहीबुवा, दीड वर्ष झालं, कमल माहेरी आलेली नाही. मी निदान संक्रांतीला तिला उभ्या उभ्या पाहिलं. तिच्या आईने तेवढंही नाही. ती संध्याकाळी दोन भाकरी जास्त थापते आणि मग म्हणते, चुकून झाल्या. मला ते बघवत नाही. पंचमीच्या झोक्यासाठी तिने दोरसुद्धा वळून घेतला आहे. तेव्हा राग धरण्याआधी माझा खुलासा वाचावा. मी खोटं लिहिणार नाही. चुकून लिहिलं गेलं तर खाली दुरुस्त करीन.

तर चैत्रात मी कमलच्या आईच्या गुडघ्यासाठी बोललेला अभिषेक करायला परळीला निघालो. सेलूहून परभणीला उतरलो, तर परळीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. पाय आपोआप आपल्या घराकडे वळले होते. पण लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवू नये, ही आपल्यातली रीत आडवी आली. (संक्रांतीला मी आपल्याकडे जेवलो, तिळाची पोळी तिसऱ्यांदा मागून घेतली, हे खरं, पण त्या दिवशी रीत आठवली नव्हती.) म्हणून म्हटलं, एखादं हॉटेल पाहावं. अटी दोनच. स्टेशन फार लांब नसावं, आणि रात्री एकट्या माणसाचा जीव रमेल असं जवळपास काही असावं, भजन म्हणा, कीर्तन म्हणा. (धान्याच्या मोंढ्याजवळ तमाशाचा फड उतरलाय हे मला आधी ठाऊक नव्हतं. सेलूच्या स्टेशनात तिकीट काढताना कळलं, म्हणजे फारच उशिरा कळलं.)

टांगेवाल्याला म्हटलं, हॉटेलात ने. त्याने नेलं. बसलो, तर न मागता चहा आला. तो पिऊन विचारलं, खाट कुठे आहे? मालक म्हणाला, ही खुर्ची आहे तीच खाट समजा, फक्त गिऱ्हाईक आलं की उठा. आमच्या गावचे आबासाहेब एकदा हैदराबादेस जाऊन आले, तेव्हापासून सांगतात की हॉटेलात माणसं निजतात. परभणीतल्या हॉटेलांना हे कोणी कळवलेलं दिसलं नाही. दुसऱ्या हॉटेलात गेलो, तिथेही चहा. तिसऱ्यात, चौथ्यात तेच. नुसतं आत शिरून चौकशी करून निघणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी एक कप, आणि मालक अदबीने बोलला तर दोन. मी घरी चहाला शिवत नाही हे आपण जाणताच. दिवेलागणीपर्यंत मी कप मोजणं सोडून दिलं. मग धर्मशाळा पाहिली. तिथला म्हातारा म्हणाला, दिवे लागले की दार बंद, मग आत भजन. भजन हवं असं मी वर लिहिलंच आहे. पण दार बंद करून केलेलं भजन मला मानवत नाही.

शेवटी चंद्रभान नावाच्या एका भल्या माणसाच्या खानावळीवर माडी मिळाली. खाट एक, रांजण एक, खिडकी एक. खिडकीतून डावीकडे तमाशाची कनात आणि उजवीकडे, काय सांगू, आपलं दुकान! मी चंद्रभानला म्हटलं, खिडकी जरा डावीकडे सरकवता येईल का. तो म्हणाला, पाहुणे, तुम्हीच सरका.

आता त्या रात्रीचं. डोळ्यांत चहा, पाठीला ढेकूण आणि कानात ढोलकी. या कुशीवरून त्या कुशीवर किती वेळ वळावं माणसाने? म्हटलं, खाली जावं आणि फडवाल्यांना सांगावं, बाबांनो, हळू वाजवा, सकाळी मला अभिषेकाला जायचंय. पण बाहेरून सांगितलेलं आत ऐकू जाईना, आणि आत जायचं तर तिकीट. काढलं. आत सगळेच दंग; मधेच उठून तक्रार करणं असभ्यपणाचं, म्हणून जोडे काढून जाजमावर बसलो आणि गाणं संपायची वाट पाहू लागलो. एक संपलं की दुसरं सुरू. माझ्यापुढे दोन माणसं सोडून एक गृहस्थ उपरण्यात तोंड गुंडाळून बसले होते. सोंगाड्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते हसत, जणू कालही ऐकलं होतं. मी काही त्यांना ओळखलं नाही.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, अमीनसाब आले! मग काय, जो तो दाराकडे धावला आणि अंधारात मिळेल तो जोडा पायात घालून पळाला. (मागाहून कळलं, पोलिसांचे अमीनसाब तमाशा पाहायलाच आले होते.) सकाळी परळीला गेलो आणि अभिषेक केला. गुडघा आहे तसाच आहे.

हा एवढाच प्रकार. यात आपल्या घराचा अपमान करावा असं माझ्या मनात तिळभर नव्हतं. माझ्या अपराधाची शिक्षा लेकीला नको. लोभ पूर्वी होता तितका तरी ठेवावा.

आपला,
लिंबाजी

ता. क. पायाला लेप लावू नये. दोष पायात नाही.

दुसरा ता. क. कमलच्या लग्नात मानपानासाठी मी एकाच कातड्याचे दोन जोडे करवले होते, एक आपल्याला, एक मला. दिसायला जुळे भाऊ, फक्त आपला दोन बोटं मोठा. त्या रात्रीपासून माझ्या उजव्या पायातला जोडा चालताना मागे राहतो. अडीच महिने मी त्यात चिंध्या कोंबतो आहे. शिवाय मी हॉटेलात उतरलो हे मी परभणीत कोणालाच सांगितलं नव्हतं, याचाही विचार व्हावा. मी कोणाजवळ काही बोललो नाही, बोलणार नाही. पंचमीआधी कमलला पोचवायला आपण स्वतः यावं आणि जोडे ओसरीच्या खाली काढावेत. निघताना ज्याचा त्याने घालावा.

तिसरा ता. क. कमलला पंधरा दिवस ठेवा असं लिहिणार होतो. पण आत्ताच तिच्या आईने जोड्यातल्या चिंध्या काढल्या, तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हा जोडा तर याह्यांचा हाय. तुमी दोघं मिळूनच अभिषेकाला गेलते का?" मी पाचव्यांदा उठून वेशीपर्यंत जाऊन आलो. तेव्हा कमल पोळा होईपर्यंत राहील, असं ठरलं आहे. न धाडल्यास कमलची आई विहीणबाईंशी बोलायला स्वतः परभणीला येणार आहे. हॉटेलात उतरणार नाही, आपल्याच घरी उतरेल.