सहानंतर फोन बंद

२९ एप्रिल, सोमवार
नवा कायदा लागू. आठवड्याचे तास पंचेचाळीसवरून चव्वेचाळीस. दक्षिण चिलीत, पुएर्तो मोंतमधल्या आमच्या मासळीच्या कारखान्यात पाळ्या मी लावतो, म्हणजे दोनशे घरांचं सुख माझ्या हातात. जेवणाच्या खोलीत स्वतः नोटीस लावली : कामाच्या वेळेनंतर फोन घ्यायला कुणीही बांधील नाही. खाली सही, आन्सेल्मो रिफ्फो. संकल्प : सहानंतर मी फक्त घरचा.

३० एप्रिल
सहानंतर फक्त चार फोन. चारही तातडीचे. बायकोने, नेलिदाने, कासुएलाचा रस्सा तीनदा गरम केला, चौथ्यांदा केला नाही. थकली असावी.

१ मे
कामगार दिन. सुट्टी. घरी बसून पुढच्या आठवड्याचा पाळ्यांचा तक्ता केला. जेवणाच्या टेबलाशी बसून केलं म्हणजे काम नव्हे. लेक मिलाराय किनाऱ्यावर चल म्हणत होती. अकरा वर्षांची झाली, आईबरोबर जाऊ शकते. गेली.

६ मे
यास्ना काराकेओचा अर्ज. मासे कापण्यात तिच्यासारखा हात नाही. वडिलांना अर्धांगवायू, दुपारनंतर बघायला दुसरं कुणी नाही, म्हणून कायम सकाळची पाळी हवी. कायदा तुझ्या बाजूचा आहे, असं मीच तिला सांगितलं. अर्ज ड्रॉवरमध्ये नीट ठेवला. सवडीने बघू.

९ मे, संध्याकाळी आठ
बोट उशिरा येणार. यास्नाला मेसेज : उद्या दुपारी ये. उत्तर नाही. एकूण नऊ मेसेज. लोकांना जबाबदारी नको असते.

१० मे
यास्ना सकाळीच हजर. परत पाठवली, दुपारी ये म्हटलं. आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, मी नोटीस वाचून फोन बंद ठेवला होता. सही तुमचीच आहे." मी समजावलं, की नोटीस फोन घेण्याबद्दल आहे, मेसेज वाचण्याबद्दल नाही. बहुतेक पटलं. दुपारी आली.

११ मे
काल दुपारी यास्नाचे वडील शेगडीत लाकूड घालायला एकटेच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. वाईट झालं. पण बोटीची वेळ मी ठरवत नाही. हे नेलिदाला दोनदा सांगितलं. ती भांडी घासत राहिली. मग तिसऱ्यांदा सांगितलं.

१५ मे
कामगार खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. नोटीस बघायला आल्या असाव्यात म्हणून टाय बांधून पुढे झालो. नोटीस वाचून त्यांनी कामगारांचे अर्ज कुठे ठेवता विचारलं आणि ड्रॉवर उघडायला लावला. यास्नाच्या अर्जाखाली आणखी पाच निघाले. मग कापणाऱ्या बायकांनी आपापले फोन पुढे केले. सहानंतरचे माझे मेसेज, दोन महिन्यांचे. बाईंनी मोजायला सुरुवात केली. मध्येच थांबून चष्मा पुसला, परत मोजू लागल्या. मी पाणी आणायला गेलो.

१७ मे
मालकीणबाईंनी बोलावलं. यास्नाला कायम सकाळची पाळी, शिवाय वडिलांसाठी भरपगारी रजा. तक्ता यापुढे कामगारांची समिती करणार. माझा कामाचा फोन रोज सहाला गेटवर जमा. मी म्हटलं, अडचण आली तर? मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्यावाचून अडचण येणार नाही." मला विश्रांती मिळावी असा त्यांचा हेतू असणार.

२० मे, सोमवार
सव्वासहाला घरी. कुणी नाही. शेगडी गार. नेलिदाला फोन केला. सोमवारी मिलारायचा अकॉर्डियनचा क्लास असतो, मग दोघी मावशीकडे जेवून येतात. कधीपासून, विचारलं. दोन वर्षं. मला सांगायचं तरी, म्हटलं. "सांगितलं होतं," ती म्हणाली, "तू हो-हो म्हणत टाइप करत होतास."

शेगडी पेटवायला गेलो. लाकडं कुठे ठेवतात ते सापडलं नाही. यास्नाच्या वडिलांचं आठवलं. कोट घालून बसून राहिलो.

आठला दोघी आल्या. मिलाराय दारातच थांबली. मला बघून आईकडे बघितलं, मग जवळ आली.

"बाबा, तुला बरं नाहीये का?"

मी हो म्हटलं. तिने कपाळाला हात लावून पाहिला.